गालावरचा ओरखडा

९ फेब्रुवारी २०१६

ही वही विनीने ॲरिझोनाहून पाठवली. आतल्या पानावर तिनेच लिहून ठेवलंय, "ताई, मनात येईल ते लिहीत जा." म्हणजे पहिलं पान तिनेच संपवलं.

माझ्या मनात येतं ते इतकंच. हॉलिसला जाऊन तीन महिने झाले. दारातला बर्फ मी स्वतः काढते. न्याहारीला अजून दोन अंडी फोडते, त्यातलं एक मांजराला जातं. मांजर जाड झालंय.

त्याच्या नाण्यांच्या कपाटाचं काय करायचं ते ठरत नाही. तांब्याचे जुने मोठे सेंट आहेत, १७९३ ते १८१४ मधले, एकशे बारा. प्रत्येकाला कागदी पाकीट आणि प्रत्येक पाकिटामागे हॉलिसच्या अक्षरातलं कार्ड. चव्वेचाळीस वर्षांत मी त्यातलं एकही आपणहून हातात घेतलं नाही. रविवारी चर्चहून आलं की तो टेबलावर हिरवा टॉवेल पसरायचा आणि मऊ ब्रशाने एकेक सेंट साफ करत बसायचा. समोरच्या खुर्चीत मी पुस्तक आणि शब्दकोश घेऊन बसायचे. सोळाव्या वर्षी शाळा सुटल्यावर जे राहिलं होतं ते मी त्या खुर्चीत वाचून काढलं.

विनी म्हणते, विकून टाक आणि इकडे ये, इथे बर्फ नाही. विचार वाईट नाही. आधी कपाट लावून घेते.

१७ फेब्रुवारी

सकाळी डॉट क्विम्बीचा फोन. ती हॉलिसच्या तांब्याच्या नाण्यांच्या मंडळाची चिटणीस. वर्षातून चार वेळा पत्रक छापते आणि सभेला सँडविच आणते.

"लोइस, काय करतेयस?"

"पावाचं पीठ मळतेय."

"हात धू आणि बस."

"पीठ वाट बघणार नाही. बोल तू."

"दुपारच्या टपालात पत्रक येईल. शिव्या द्यायच्या असतील तर आत्ताच दे. छापलंय मी, पण लिहिलंय रॉयसने."

दुपारी पत्रक आलं. रॉयस पिंगरी म्हणजे मंडळातला सगळ्यात जाणता माणूस, निदान हॉलिस गेल्यापासून तरी. त्याने लिहिलंय की शरद ऋतूपासून इंटरनेटवर १७९४ चे तीन सेंट विकायला आले. तिन्हींवर छापातल्या बाईच्या गालावर तोच तिरका ओरखडा आणि मागच्या बाजूला माळेपाशी त्याच दोन खाचा. आणि हेच सगळं हॉलिस टार्बेलच्या १७९४ च्या सेंटवरही आहे. त्याने तो २०१० मध्ये एका शेतावरच्या लिलावात बटणांच्या डब्यातून मिळवला होता, आधीचा काही इतिहास नाही. "एकच ओरखडा दोन नाण्यांवर उमटत नाही. उमटला तर दोन्ही नकली, हा आपला नियम आहे. तेव्हा चारही बाद. टार्बेलसारखा डोळा फसला हे लिहिताना वाईट वाटतं." ऑक्टोबरच्या सभेत मंडळाच्या यादीतून त्याचं नाणं खोडायचं आहे.

त्या यादीत ह्याच ठशाखालून निघालेल्या नाण्यांत, कमी झिजलेलं म्हणून, हॉलिसचं दुसऱ्या नंबरावर होतं. त्याच्या आयुष्यात त्याला दुसरा नंबर एवढाच मिळाला, आणि तो त्याला पुरेसा होता.

त्याच लिलावात रॉयस त्याच्या शेजारी उभा होता. बटणांचा डबा आधी रॉयसने उघडला, नुसता हलवला आणि परत ठेवला. हे तो विसरलेला नाही असं माझं मत आहे.

पाव फार फुगला आणि बसला.

२१ फेब्रुवारी

आज हिरवा टॉवेल मीच पसरला. १७९४ चा तो सेंट काढला. मोकळ्या केसांची बाई, खांद्यामागे काठी, काठीवर टोपी. रंग चेस्टनटसारखा. कानापासून हनुवटीकडे ओरखडा.

आधी वाईट वाटायचं थांबलं, मग मी बघायला लागले. मी एकतीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होते. दिवसाला चार हजार गोळ्या. चर कुठला घासून पडलाय, कुठला मुळातच दाबून आलाय, हे बोटांना कळायचं. हॉलिसने मला कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. आपापल्या टेबलावर दोघं राहिलो.

त्याची पुस्तकं खाली काढली. सहा आहेत. पेन्सिल घेऊन सुरुवात केली.

१२ मार्च

रॉयस आला. सगळीकडे बर्फ वितळून चिखल, आणि तो दारात उभा.

"बूट काढू?"

"काढ. आज मीच फरशी पुसलीय."

बूट काढले तर मोज्याला भोक. माझी नजर गेली ते त्याने पाहिलं.

"घरात बायको नाही," तो म्हणाला.

"घरात नवरा नाही माझ्या, पण माझे मोजे बघ."

कॉफी दिली. दोन बिस्किटं खाल्ल्यावर तो मुद्द्यावर आला. "लोइस, ऑक्टोबरमध्ये मी स्वतः सूचना मांडीन. दोन मिनिटांत उरकेल. हॉलिसबद्दल कोणी वावगं बोलणार नाही."

"मी बोलेन."

"काय बोलणार? तुला यातलं काय कळतं?"

"आत्ता काहीच नाही. ऑक्टोबरला सात महिने आहेत."

तो हसला. मग मी पुस्तकातून उचललेला माझा एकुलता प्रश्न विचारला. "नकली ठसा हवेतून होत नाही ना? एखाद्या खऱ्या नाण्यावरूनच घेतात. मग त्या खऱ्या नाण्यावरचे ओरखडे सगळ्या नकलांवर येतात. म्हणजे त्या ओरखड्याचं एक तरी नाणं खरं असणारच. कारखान्यात आमचं मूळ माप कुलुपात असायचं, बाकी सगळी त्याच्यावरून. हॉलिसचं ते मूळ नसेल कशावरून?"

रॉयस खिडकीकडे बघत होता. "मूळ नाणं चोराकडे राहतं, लोइस. चोर परत देत नाही." मग म्हणाला, "उशीर झाला." दुपारचे दोन वाजले होते. बिस्किटाचा अर्धा तुकडा बशीत तसाच ठेवून गेला.

उद्धट माणूस. पण मला वाद घालायला काहीतरी दिलं.

३ एप्रिल

दोन पुस्तकं संपली. तिसऱ्यात एक फार सुंदर गोष्ट आहे. १७९४ च्या सेंटच्या काठावर अक्षरं असतात: वन हंड्रेड फॉर अ डॉलर. ती अक्षरं नाणं ठोकण्याच्या आधी, कोऱ्या चकतीवर, वेगळ्या यंत्रात फिरवून उठवायचे. मग ती चकती ठशांच्या मध्ये ठेवायची. ठेवणारा ती कशीही ठेवायचा, त्याला फिकीर नव्हती. म्हणून कुठल्याही दोन खऱ्या नाण्यांत काठावरची अक्षरं बाईच्या चेहऱ्याच्या मानाने त्याच जागी सुरू होत नाहीत. जुळलीच तर तो योगायोग.

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतला कोणी दमलेला माणूस चकत्या ठेवतोय असं डोळ्यांपुढे आलं. त्याची पाठ दुखत असणार. माझीही दुखायची.

हे वाचून दाखवायला कोणी नव्हतं. मांजराला वाचून दाखवलं.

७ मे

डॉटने मंडळाची काळी पेटी आणून दिली. सभासद फसले की आपली खोटी नाणी त्या पेटीत टाकतात, नवशिक्यांना दाखवायला. ते तीन १७९४ त्यात आहेत. तिघाही घेणाऱ्यांनी निमूटपणे दिले.

"हरवू नकोस हं," डॉट म्हणाली. "इतकी चांगली खोटी नाणी परत कुठून आणू मी?"

"रॉयसला माहितीय, मला पेटी दिलीस ते?"

"रॉयसला सगळंच कळलं पाहिजे असं कुठे लिहिलंय? पत्रक मी छापते."

तिने वहीत माझी सही घेतली. "पेटी क्रमांक एक" असं लिहिलंय. दुसरी पेटी नाहीच.

१५ मे

आठ दिवस रोज सकाळी, ऊन टेबलावर तिरकं येतं तेव्हा, चारही नाणी ओळीने मांडली. दुपारी बघत नाही, डोळे दमतात. आता लिहिते, कारण आता मला माहीत आहे.

ओरखडा आधी. आपल्या नाण्यावर ओरखड्याच्या एका कडेला तांबं सरकून उठलंय, नांगराच्या तासाशेजारी माती उठते तसं. तळ स्वच्छ, आणि हनुवटीपाशी तो बारीक होत संपतो, जिथे हत्यार उचललं गेलं. तिघा खोट्यांवर तोच ओरखडा, तेवढाच लांब, पण तळ गोल आणि कडा बुजलेल्या, ओल्या साबणावर नखाने काढल्यासारखा. आपल्या नाण्यावर कोणीतरी खरंच काहीतरी ओढलं होतं. त्या तिघांवर कोणी काही ओढलं नाही. त्यांना तो मिळाला.

मग पुटकुळी. तिन्ही खोट्यांवर तारखेतल्या नऊच्या शेजारी मोहरीपेक्षा बारीक पुटकुळी आहे. नकली ठशात खड्डा असणार, त्याची. आपल्या नाण्यावर तिथे काही नाही. आईचे डाग मुलांवर येतील, मुलांचे आईवर येणार नाहीत.

आणि काठ. तिन्ही खोट्यांवर 'वन'चा ओ तारखेच्या एकच्या बरोबर खाली. तिन्हींवर तिथेच! चोराने काठावरची अक्षरं उठवली, पण ती कुठेही सुरू होऊ शकतात हे त्याला ठाऊक नव्हतं. एकदा जुळवून सगळी तशीच काढली. आपल्या नाण्यावर तारखेच्या खाली 'फॉर'चा शेवट आहे, आणि 'डॉलर'चा डी टोपीच्या टोकासमोर.

वजनात फरक जवळपास नाही. तिथे चोर हुशार आहे.

मी उठले आणि स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या. हॉलिसचा डोळा फसला नव्हता. तो सेंट खरा आहे. हे मी सांगतेय, तपासणी टेबल क्रमांक सात.

१६ मे

रॉयसला फोन केला आणि सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं.

"काठाचं तू स्वतः शोधलंस?"

"पुस्तकात आहे. तुझ्याकडेही असेल ते पुस्तक."

"आहे." मग म्हणाला, "ठीक. समज, खरं आहे. मग जुळी आली कुठून? ठसा घ्यायला ते नाणं चोराच्या हातात असायला हवं, निदान काही आठवडे. हॉलिसचं नाणं त्याच्या कपाटात होतं. सभेत हाच पहिला प्रश्न येईल, आणि तो मीच विचारणार."

शहाणा प्रश्न आहे. म्हणून जास्त राग आला.

४ जून

आज उत्तर मिळालं, आणि मिळालं नसतं तर बरं झालं असतं.

१७९४ च्या पाकिटामागचं कार्ड मी शंभर वेळा पाहिलं असेल, पण उलटवलं नव्हतं. इतर कार्डांची पाठ कोरी आहे. ह्याच्या पाठीवर हॉलिसचं अक्षर, बारीक:

"ए. बी. लँगडन यांना पाहायला पाठवलं, ३ मार्च २०१३. परत आलं १७ एप्रिल. लगेच काठ पाहिला. डी टोपीच्या टोकासमोर. तोच आहे."

आणि कपाटाच्या तळाशी, जुन्या पत्रकांखाली, लँगडनचं पत्र. निळी शाई, सुरेख अक्षर. लिहिलंय की माझे डोळे जात चाललेत. वडिलांच्या वेळेपासून सेंट जमवले, पण ९४ चा चांगला सेंट कधी हातात धरला नाही. डॉक्टर म्हणतात वर्षभर. अंधार पडण्याआधी एकदा तो खिडकीपाशी धरून बघायची इच्छा आहे. महिनाभराने नक्की परत पाठवीन, आपण मंडळातली माणसं, अनोळखी कसे?

हॉलिसने पाठवला. अर्थातच पाठवला. तो ओळख नसलेल्यालाही गाडीची किल्ली देणारा माणूस.

आणि त्याच्या वर, त्याच ढिगात, २०११ चं पत्रक. पहिल्या पानावर हॉलिसचा लेख. "मंडळातल्या नवीन सभासदांना विनंती: अनोळखी माणसाच्या गोड पत्रावर नाणं टपालात टाकू नका." तो लेख मी टाइप केला होता. 'गोड' शब्द माझा. त्याने 'चांगल्या' लिहिलं होतं.

५ जून

झोप झाली नाही म्हणून चर्चला गेले नाही.

सरळ लिहिते. नाणं खरं आहे हे मला सिद्ध करता येतं. पण ते सिद्ध करायचं तर ते चोराच्या हातात कसं गेलं हे सांगावं लागेल. म्हणजे एक तर डोळा चुकलेला हॉलिस, नाही तर स्वतःच लिहिलेला इशारा विसरून मूर्ख बनलेला हॉलिस. तिसरा हॉलिस मला मिळत नाही.

आणि अडीच वर्षं त्याने मला सांगितलं नाही. त्या एप्रिलमध्ये तो एकदा टेबलावर बराच वेळ भिंग घेऊन बसला होता आणि मी विचारलं होतं, काय बघतोयस? म्हणाला, काठ. मी पान उलटलं.

१९ जुलै

ब्लूबेरी. अकरा बरण्या. दुसरं काही नाही.

८ ऑगस्ट

विनीचा फोन. म्हणाली, "घर विकायला काढलंस का?"

"ऑक्टोबरपर्यंत नाही."

"ऑक्टोबरनंतर?"

"ऑक्टोबरनंतर पत्रकाचं काम आहे. डॉटच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया आहे, तेवढ्यापुरतं मी टाइप करून देतेय."

"ताई, तू ॲरिझोनाला येणार आहेस ना?"

"मी नाही म्हटलेलं नाही," मी म्हटलं. खरंच म्हटलेलं नाही.

चार पुस्तकं संपली. मंडळातल्या दोघांनी टपालाने नाही, स्वतः गाडीने येऊन आपले सेंट दाखवले. एकाचं खरं. दुसऱ्याला मी सांगितलं की नाही, आणि का. तो माझ्याकडून बरणीभर ब्लूबेरी घेऊन गेला.

२४ सप्टेंबर

पंधरा दिवस विचार केला आणि ठरवलं. सभेत सगळं सांगणार. कार्ड, पत्र, तारखा. हॉलिसने काठ पाहिला आणि लिहिलं "तोच आहे." त्याला शंका आली होती, म्हणूनच पाहिला. ज्या माणसाने स्वतःच्या मूर्खपणाची तारीख घालून नोंद ठेवली, तो त्या नोंदीसकट वाचला गेला पाहिजे. नाहीतर त्याने कार्ड जाळलं असतं. आमच्या घरात काड्या आहेत.

रॉयसला आधी सांगणं बरं, म्हणून फोन केला. म्हटलं, "नाणं कुठे गेलं होतं ते सापडलं. २०१३ मध्ये एकाने पत्र पाठवलं होतं."

"नाव काय त्याचं?" इतक्या पटकन विचारलं की मी दचकले.

"लँगडन. ए. बी."

मग म्हणाला, "किटली उकळतेय," आणि फोन ठेवला. मला कुठेही किटलीचा आवाज आला नाही.

१ ऑक्टोबर

रॉयस आपणहून आला. आत आला नाही, पोर्चवरच उभा राहिला, टोपी हातात.

"ते पत्र सभेत वाचू नकोस, लोइस."

"का?"

"हॉलिसची शोभा होईल. नाणं खरं आहे हे मी मान्य करतो. सूचना मागे घेतो. यादीत राहू दे दुसऱ्या नंबरावर. झालं की तुझं काम. पत्र कशाला?"

"तूच म्हणालास, पहिला प्रश्न तू विचारशील."

"नाही विचारत."

"दुसरं कोणीतरी विचारेल. आणि तो लँगडन अजून पत्रं लिहीत असेल तर?"

त्याने टोपी उलटी केली, आत बघितलं, परत सुलटी केली. "तू फार हट्टी बाई आहेस."

"हॉलिसला हेच आवडायचं."

"हॉलिसला सगळंच आवडायचं," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरला. एवढं मोठेपण घेऊन माझ्या नवऱ्याची इभ्रत सांभाळायला आलाय, जणू माझ्याहून जास्त त्याला काळजी. मी दार जोरात लावलं.

१५ ऑक्टोबर, शनिवार

सभा. चर्चच्या तळघरात, लांब टेबलं, प्रत्येकापुढे टॉवेल. बावीस माणसं, त्यातल्या बायका तीन. डॉट डोळ्याला पट्टी बांधून आली होती आणि सगळ्यांना सांगत होती की चाच्यांची राणी आलीय, सँडविच चोरून नेऊ नका.

माझी पाळी आल्यावर मी चार नाणी दिली, तीन काळ्या पेटीतली आणि एक हॉलिसचं, आणि भिंगं दिली. काही बोलले नाही. म्हटलं, आधी बघा. नाणी टेबलांवरून फिरली, बोटांमध्ये काठाला धरून, टॉवेलच्या वर. अर्ध्या तासाने चौथ्या टेबलावरून आवाज आला, "अहो, ह्या तिघांचा काठ एकसारखा आहे!" मग मी बोलले. ओरखड्याची कड, पुटकुळी, काठ. आवाज अजिबात कापला नाही. एकतीस वर्षं मी फोरमनला सांगत आले होते की अख्खी पेटी परत पाठवा. त्यापुढे बावीस माणसं काहीच नाहीत.

मग कोणीतरी विचारलंच, मूळ नाणं चोराकडे कसं गेलं. रॉयसने नाही विचारलं. तो शेवटच्या टेबलाशी बसला होता.

मी कार्ड वाचलं. २०११ चा लेख हॉलिसचा होता आणि २०१३ ची चूकही हॉलिसची होती, हेही सांगितलं. मग पत्र वाचायला घेतलं. "माझे डोळे जात चाललेत" पर्यंत आले आणि खोलीत काहीतरी झालं. डॉटने हातातलं सँडविच खाली ठेवलं. मी पुढे वाचलं, "डॉक्टर म्हणतात वर्षभर…"

"'अंधार पडण्याआधी,'" मागून आवाज आला. "'अंधार पडण्याआधी एकदा तो खिडकीपाशी धरून बघायची इच्छा आहे.'"

रॉयस उभा होता. त्याच्या हातात कागद नव्हता.

"मलाही आलं होतं," तो म्हणाला. "मीही पाठवलं."

थोड्या वेळाने डॉट म्हणाली, "मी पण. तेव्हा माझे दोन्ही डोळे चांगले होते, ते लाजिरवाणं आहे." मग खिडकीजवळच्या जोडप्यातला नवरा. मग अजून दोघं. पाच जण. प्रत्येकाला वाटत होतं की एवढा मूर्ख मंडळात आपण एकटेच. कोणी हसलं नाही. मग एकदम सगळेच हसले, बराच वेळ, आणि डॉटला पट्टीखालून रडू आलं.

यादीत हॉलिसचं नाणं दुसऱ्या नंबरावर राहिलं. शेजारी लिहिलं, "मूळ. नकला ह्यावरून." पत्रं टपाल खात्याच्या तपासनिसांकडे जातील. मी घरी गाडी चालवत आले आणि अंगणात गाडीतच थोडा वेळ बसले. त्याला सांगावंसं वाटलं. अजून तशी सवय आहे.

२३ ऑक्टोबर, रविवार

पाचांपैकी चौघांनी आपापली परत आलेली नाणी तपासायला माझ्याकडे पोचवली. तीन खरी, डॉटचं धरून. एक अजून बघायचंय. पाचवा रॉयस, तो दुपारी स्वतः आला. बूट न विचारता काढले. नवे मोजे होते.

त्याने एक छोटी डबी टॉवेलवर ठेवली. १७९७ चा सेंट. हा त्याच्या संग्रहातला सर्वात चांगला, सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या काठावर अक्षरं नाहीत.

"कधी परत आलं?" मी विचारलं.

"एप्रिल २०१४."

"आणि तेव्हा काय दिसलं?"

"उघडलं नाही."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "अडीच वर्षं?"

"पाकीट कात्रीने कापलं, डबी काढली, कपाटात ठेवली. सभेला कधी आणलं नाही. विचारलं तर सांगायचो की बँकेत आहे." तो टॉवेलकडे बघत होता. "अख्ख्या मंडळाची नाणी मी बघतो, लोइस. हे मला बघवलं नाही."

पत्रकात त्याने चारही बाद का केली, बिस्किट अर्धं का टाकलं, पोर्चवर का आला, हे मला तेव्हा कळलं. चोर मूळ नाणं परत देत नाही, असं तो का म्हणाला तेही. मी इतके महिने त्याला वेगळ्याच कारणासाठी, बटणांच्या डब्यासाठी, दूषणं देत होते.

डबी मी उघडली. ऊन अजून होतं. जुना फोटो त्याने आणला होता, तो शेजारी ठेवला. मागच्या बाजूला रिबिनीपाशी तीन बारीक ओरखडे, फोटोतही तेच तीन. फोटोत कडा चकाकतात. नाण्यावर त्या बुजलेल्या होत्या, तळ गोल, तिन्हींचा सारखाच गोल. पान उलटायला लागतो तेवढाच वेळ लागला. तरी मी पाच मिनिटं बघत राहिले, कारण तो बघत होता.

मला वाटलं होतं, असा दिवस आला तर मला बरं वाटेल. वाटलं नाही.

"हे तुझं नाही, रॉयस."

"वजन केलंस?"

"काटा इथेच आहे. कर."

त्याने काटा जवळ घेतला नाही. भिंग घेतलं. न्यू हॅम्पशायरमधला उत्तम डोळा, अडीच वर्षं मिटून ठेवलेला. मिनिटभरात त्याने मान हलवली. "दुसऱ्या कोणी आणलं असतं तर मी दारातूनच परत पाठवलं असतं," तो म्हणाला. "आणि वर दोन शब्द ऐकवले असते."

"चार ऐकवले असतेस."

"हो. चार."

काळ्या पेटीसाठी कोरं कार्ड काढलं. '१७९७, नकली' लिहिलं. 'मूळ नाणं ए. बी. लँगडन यांना पाठवलं,' इथवर आले आणि विचारलं, "तारीख?"

"एक मार्च २०१४."

हात थांबला. हॉलिसने काठ पाहिला होता तो २०१३ च्या एप्रिलमध्ये. शंका आली होती, म्हणूनच पाहिला होता. त्याच महिन्यात त्याने सभेत एक वाक्य उच्चारलं असतं, तर रॉयसचं नाणं वाचलं असतं. रॉयसला हे माझ्याआधी कळलं असणार. पत्र वाचलं त्या दिवशी कार्डावरची तारीख त्याने ऐकली होती. तरी उभा राहून बोलला तो स्वतःबद्दलच, हॉलिसला बोल लावला नाही.

"लिही," रॉयस म्हणाला.

तारीख लिहिली. खाली रेघ मारली. "नाव घालू का? पेटीतल्या बाकीच्या कार्डांवर नाही."

त्याने भिंग मिटून माझ्याकडे सरकवलं.

"घाल," तो म्हणाला. "पूर्ण घाल. आणि त्याच्या खाली हॉलिसचंही. लपवलं दोघांनीही."